शेवटच्या डावात आघाडीवर असताना पैज किती लावावी?

सहकारनगरकर:
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीच्या रात्री दूध आटेपर्यंत पत्ते खेळण्याची प्रथा आहे. यंदा मेंढीकोट बाजूला ठेवून ब्लॅकजॅकची, म्हणजे पत्त्यांची बेरीज 21 च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा (पत्ते वाटणाऱ्यापेक्षा) जास्त करण्याच्या खेळाची, स्पर्धा घेतली. पैशांचा संबंध नव्हता; चिप्स प्लास्टिकच्या होत्या आणि विजेत्याला पुढच्या वर्षी पातेले ढवळण्यातून सूट मिळणार होती. शेवटच्या डावाला माझ्याकडे 4,300 चिप्स होत्या, शेजारच्या वहिनींकडे 3,700. बाकीचे केव्हाच गळाले होते. किमान पैज 100, कमाल 1,000, आणि पैज लावण्याची पहिली पाळी माझी. आघाडी जपावी म्हणून मी 100 लावले, तर वहिनींनी क्षणभरही न थांबता 1,000 पुढे सरकवले. मला दश्शी आणि पंजी असे 15 आले, त्यांना 13, आणि डीलरची छक्की उघडी होती. आम्ही दोघेही आणखी पत्ता न घेता थांबलो. डीलरने झाकलेला राजा उघडला, वर अठ्ठी ओढली आणि 24 होऊन तो बस्ट झाला, म्हणजे 21 च्या वर जाऊन हरला. माझे 4,400 झाले आणि त्यांचे 4,700. डाव जिंकून स्पर्धा हरण्याचा हा प्रकार मला अजून पचलेला नाही. माझे नेमके कोठे चुकले?

आकडेमोड्या:
चूक पत्त्यांत नाही, 100 या आकड्यात आहे. एरवी ब्लॅकजॅकमध्ये आपण डीलरशी खेळतो. स्पर्धेच्या शेवटच्या डावात मात्र डीलर दोघांसाठी एकच असतो, त्यामुळे तो बस्ट झाला की दोघेही जिंकतात आणि त्याचे 20 झाले की बहुधा दोघेही हरतात. म्हणून पैज लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायचे: दोघेही जिंकलो तर पुढे कोण, आणि दोघेही हरलो तर पुढे कोण?

वहिनी साध्या विजयाने जास्तीत जास्त 4,700 पर्यंत जाऊ शकत होत्या. त्यांच्या पुढे राहायला तुम्हाला 400 पेक्षा जास्त पैज हवी होती. उलट बाजूने, हरल्यावरही 3,700 च्या वर राहायचे तर ती 600 पेक्षा कमी हवी होती. म्हणजे 500 लावले असते तर जिंकून 4,800, हरून 3,800, आणि दोन्ही दारे बंद. डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणे), स्प्लिट (सारख्या दोन पत्त्यांचे दोन हात करून दुसऱ्यावरही पैज लावणे) किंवा पहिल्याच दोन पत्त्यांत 21 होऊन जास्त चिप्स मिळवून देणारा ब्लॅकजॅक सोडला तर स्वतः जिंकणे आणि त्याच वेळी तुम्ही न जिंकणे, एवढाच मार्ग त्यांना उरला असता. आघाडी कमाल पैजेच्या निम्म्याहून जास्त असली की पहिली पाळी असूनही असा मधला आकडा सापडतो. तुमची आघाडी 600 होती, त्यामुळे तो सापडला असता.

बिनधास्त_बाणेर:
एवढा हिशेब कशाला? मी सरळ 1,000 लावले असते. जिंकलो तर 5,300. वहिनींनी काय करायचे ते करावे.

आकडेमोड्या:
वहिनींनी मग शांतपणे 100 लावले असते. तुम्ही हरला की तुमचे 3,300 आणि त्या हरल्या तरी त्यांचे 3,600. नेहमीच्या पद्धतीने खेळणारा माणूस ढोबळ मानाने 100 पैकी 43 डाव जिंकतो, 49 हरतो आणि 8 बरोबरीत सुटतात, हे लक्षात घेतले तर आघाडीवर असलेल्याने स्वतःच्या हरण्यावर सगळे टांगून ठेवणे परवडत नाही.

आघाडी 300 चीच असती, म्हणजे तुमचे 4,000 असते, तर गोष्ट वेगळी होती. वरचे दार बंद करायला 700 च्या वर आणि खालचे बंद करायला 300 च्या खाली लावावे लागते, आणि दोन्ही एकदम जमत नाही. तेथे मी 200 लावून खालचे दार बंद केले असते, कारण मग समोरच्याला डाव जिंकावाच लागतो आणि तो निम्म्याहून कमी वेळा जिंकतो.

खरे तर आघाडीवाल्याने शेवटी पैज लावायची असेल तर यातले काहीच उरत नाही. समोरचा आकडा पाहून त्याच्याजवळपास लावले की झाले. त्यामुळे पाळी फिरती असेल तर शेवटच्या डावाला ती कोणावर येते, हे चार-पाच डाव आधीच मोजून ठेवावे. समोरच्याच्या चिप्सही तेव्हाच मोजाव्यात. शेवटच्या क्षणी मान वाकडी करून मनोरे मोजणारा माणूस बहुधा शंभराने चुकतो.

डेक्कनची_राणी:
आकडेमोड्या यांचे 500 मला मान्य आहेत, पण तेवढ्याने विजय हातात आला असता असे समजू नका. तुम्ही 500 लावून 15 वर थांबलात आणि वहिनींकडे 1,000 ची पैज व 13 आहेत, असे धरा. डीलरच्या छक्कीपुढे 13 वर थांबावे, असे कोणत्या पत्त्यांवर काय करावे हे सांगणारा कोणताही तक्ता सांगेल. येथे मात्र थांबणे म्हणजे नक्की हरणे. डीलर बस्ट झाला तर दोघेही जिंकून तुम्ही 100 ने पुढे, आणि न झाला तर तुमचे 15 व त्यांचे 13 दोन्ही पडतात. त्यांनी अशा वेळी डबल करायला हवे. एक पत्ता घेऊन न फुटण्याची (21 च्या वर न जाण्याची) शक्यता एक्का ते राजा या 13 पत्त्यांपैकी 8, म्हणजे साधारण 61 टक्के, आणि छक्की दाखवणारा डीलर सुमारे 42 टक्के वेळा बस्ट होतो. दोन्ही जुळले की त्यांचे 5,700. हेच जवळजवळ चारात एकदा घडते, आणि त्यांना 20 किंवा 21 आल्यावर डीलर 18 किंवा 19 वर अडकला तर तो लाभ वेगळा. शून्यापेक्षा हे कितीतरी बरे. शेवटच्या डावात तक्ता घडी घालून खिशात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिछाडीवर असलेल्याला तर प्रसंगी 18 वरही डबल करावे लागते, आणि ते मूर्खपणाचे दिसले तरी मूर्खपणाचे नसते.

सहकारनगरकर:
सर्वांचे आभार. काल जेवणाच्या टेबलावर तेच पत्ते पुन्हा मांडून पाहिले आणि 500 चा हिशेब पटला. वहिनींनाही ही चर्चा वाचायला दिली. गरज पडली तर डबल करायचे, हे आपण शेवटच्या डावाआधीच ठरवून ठेवले होते, पण तुमचे 100 पाहिल्यावर त्याची गरजच उरली नाही, असे त्या म्हणाल्या.