पोटॅशियमच्या चॅनलमधून लहानखुरा सोडियम का जात नाही?

चौकस:
नमस्कार मंडळी. पेशीपटलातून पदार्थांची ये-जा कशी होते, हा धडा पुतणीला समजावून सांगत होतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड थेट पार होतात, ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं, आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, चॅनल (पटलातले प्रथिनाचे बोगदे) लागतात, इथवर गाडी रुळावर होती. मग तिने आकडे शोधून काढले. सोडियम आयनाची त्रिज्या ०.०९५ नॅनोमीटर, पोटॅशियमची ०.१३३. "काका, पोटॅशियम मावतो त्या भोकातून सोडियम का नाही जात? तो तर लहान आहे!" माझी बोलती बंद. मोठ्याला अडवून लहानाला सोडणारी चाळणी कळते, पण ही कसली उलटी चाळणी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सूक्ष्मदर्शी:
पुतणीला शाबासकी द्या. आणि ती चाळणी आधी डोक्यातून काढून टाका. पटलात गोल भोकं काढलेल्या आकृत्यांनी जितका घोळ घातलाय, तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल.

चॅनल बाजूला ठेवून नुसतं पटल घ्या. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं रेणुवस्तुमान ३६२, ग्लुकोजचं १८०. आकारावरच ठरायचं असतं तर ग्लुकोज आधी आत घुसलं असतं. होतं उलटंच. कॉर्टिसॉल मेदाच्या दुहेरी थरातून आपलं आपण पार होतं आणि ग्लुकोज बाहेर ताटकळतं. कारण त्या थराचा तीनेक नॅनोमीटर जाडीचा गाभा मेदाम्लांच्या शेपट्यांचा असतो आणि तिथे पाण्याला थारा नसतो. ग्लुकोजच्या पाच हायड्रॉक्सिल गटांना पाण्याच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. आत शिरायचं तर ते बंध तोडावे लागतात, आणि त्याची ऊर्जा कोण देणार?

आयनाचं तर याहून कठीण. पाण्यातला आयन कधीच उघडा नसतो. भोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो, आणि प्रत्येक रेणूने आपली ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे केलेली असते. सोडियम लहान, पण विद्युतभार पोटॅशियमइतकाच. म्हणून तो पाण्याला जास्त घट्ट धरतो. तुमच्या पुतणीच्या प्रश्नाची मेख इथे आहे.

आता चॅनल. पोटॅशियम चॅनलचा सगळ्यात अरुंद भाग जेमतेम १.२ नॅनोमीटर लांबीचा. तिथे आयनाला पाणी सोडूनच शिरावं लागतं. पण आतल्या भिंतीवर प्रथिनाच्या कण्याचे ऑक्सिजन अणू ओळीने आत तोंड करून बसलेले असतात. प्रत्येक थांब्यावर पोटॅशियमभोवती असे आठ ऑक्सिजन, आणि पाण्यात होते साधारण तेवढ्याच अंतरावर. म्हणजे पाणी गेलं तरी पोटॅशियमचं बिघडलं काहीच नाही. सोडियमला मात्र हे ऑक्सिजन जरा लांब पडतात. घट्ट धरलेलं पाणी सोडायचं आणि बदल्यात हे असं तोकडं मिळायचं. असला सौदा तो करत नाही, बाहेरच राहतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा हे ऑक्सिजन प्रत्यक्ष दिसले. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि पाण्याच्या चॅनलसाठी पीटर अ‍ॅग्रे यांना मिळून मिळालं. मला खरी कमाल वाटते ती वेगाची. एक सोडियम चुकून जाईल तोवर दहा हजार पोटॅशियम जातात, आणि तेही एका चॅनलमधून सेकंदाला दहा कोटींच्या घरात. एवढी निवड करायची म्हणजे काम रेंगाळणार असं आपल्याला वाटतं. इथे रेंगाळत काहीच नाही.

थरथराट:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक पुस्ती. "लांब पडतात" यावरून ते ऑक्सिजन खिळ्याने ठोकल्यासारखे वाटतील. तसे नसतात. उष्णतेने ते सतत हलत असतात, आणि ही हालचाल दोन आयनांच्या त्रिज्यांमधल्या ०.०३८ नॅनोमीटरच्या फरकापेक्षा मोठी असते. मग ते सरकून सोडियमला का कवटाळत नाहीत? एक कारण असं की या ऑक्सिजनांवर अंशतः ऋण भार असतो. आठही जण लहान आयनाभोवती दाटीवाटीने आले की एकमेकांनाच दूर ढकलायला लागतात.

सूक्ष्मदर्शी:
@थरथराट, बरोबर. भिंत ताठ दाखवली की पहिल्यांदा समजायला सोपं जातं, एवढंच. ऊर्जेचा हिशेब कसाही मांडला तरी तोट्यात सोडियमच.

चौकस:
दोघांचे आभार. आता पुढचा प्रश्न (हा माझा). मग सोडियमचा चॅनल पोटॅशियमला कसा अडवतो? आणि सोडियम पेशीबाहेर काढून पोटॅशियम आत घेणाऱ्या पंपाला दोघं वेगळे कसे कळतात?

सूक्ष्मदर्शी:
सोडियम चॅनलचा अरुंद भाग मुळात जास्त रुंद असतो, त्यामुळे सोडियमला सगळं पाणी सोडावं लागत नाही, थोडं सोबत घेऊन जाता येतं. पण निवडही तितकी काटेकोर नाही. चेतापेशींच्या चॅनलमध्ये सोडियमला झुकतं माप दहा-बारा पटींचं, दहा हजारांचं नव्हे.

पंपाची तऱ्हा वेगळी. येन्स स्कौ यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंमध्ये पंपाचं काम करणारं हे विकर (एन्झाइम) सापडलं. ते दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कधीच उघडं नसतं. आतल्या बाजूला उघडतं तेव्हा त्याच्या जागा सोडियमला सोयीच्या असतात. तीन सोडियम बसले की एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट त्याला चिकटतो, आकार बदलतो आणि तोंड बाहेर वळतं. आता त्याच जागा सोडियमला नकोशा आणि पोटॅशियमला हव्याशा होतात. तीन उतरतात, दोन चढतात. या सगळ्या उलथापालथीमुळे पंपाचा वेग सेकंदाला काहीशे आयनांच्या पुढे जात नाही. चॅनल मात्र आयनांना चढ चढवत नाही, फक्त उताराची वाट मोकळी करतो. आत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास आणि बाहेर ४-५ असतो, हा उतार पंपानेच तयार केलेला.

पुतणीचा पुढचा प्रश्न बहुतेक "पाण्याच्या चॅनलमधून प्रोटॉन का जात नाही" हा असेल. त्याला वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.