मदत हवी आहे: स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनचा कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार ताई-वहिनींनो. आम्ही चोपड्याकडचे. माझ्या धाकट्या बहिणीचे छातीच्या वजनामुळे मान-खांदे सतत दुखतात, ब्राच्या पट्ट्यांचे वळ पडलेत आणि उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी घामाने सोलवटते. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. व्यायाम, औषधं सगळं झालं. आता प्लास्टिक सर्जनने ऑपरेशन सुचवलंय. घरात याला नटण्याचे चोचले म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पोरगी रोज दुखणं सोसतेय.

पूर्ण भूल देतात, निपलभोवती आणि खाली व्रण राहतात, ते फिके व्हायला वर्षभर लागू शकतं, संवेदना कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी समजावलं. तिला ते मान्य आहे. अडतंय एकाच गोष्टीवर. तिचं लग्न व्हायचंय, आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईल याची खात्री कुणीच देत नाही. काहींना पुरेसं दूध येतं, काहींना कमी, काहींना येतच नाही. ऑपरेशननंतर कुणी बाळाला पाजलंय का? की मुलं होईपर्यंत थांबलात? आणि स्थळाकडच्यांना आधी सांगितलंत का?

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी हवी, एवढं कळलंय. जळगाव-धुळ्यात केलंत की नाशिकला गेलात? दुखण्याचं कारण दाखवून मेडिक्लेम मिळाला का? इथे लिहायला संकोच वाटत असेल तर मला मेसेज करा, नाव कुठेही येणार नाही.