सातवीची मुलं शाब्दिक उदाहरणांत अडतात. सराव कसा घ्यावा?

पाटीपेन्सिल
सहावी-सातवीच्या मुलांचा गणिताचा सराव घेते. अपूर्णांक, शेकडेवारी, दशांश नुसते दिले की बरोबर येतात. तेच वाक्यात घालून दिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "यात गुणायचं की भागायचं?" रोज अर्ध्या तासात १५ शाब्दिक उदाहरणं सोडवून घेते, तरी नवीन उदाहरण आलं की गाडी अडते. संख्या वाढवू का? आणि 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' असा तक्ता पाठ करून घेतला तर उपयोग होईल का?

त्रिज्या
१५ नकोत, ३ पुरेत. अर्ध्या तासात १५ म्हणजे एकाला दोन मिनिटं. तेवढ्या वेळात मूल वाचत नाही, आकडे उचलतं आणि क्रिया लावून पाहतं. "गुणायचं की भागायचं" हा प्रश्न त्यातूनच येतो.

तक्ता तर अजिबात नको. हे बघा: 'सीमाकडे ४८ मणी आहेत. ते रेणूच्या मण्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. रेणूकडे किती?' तक्त्यातलं मूल 'जास्त' पाहून ६० लिहितं. उत्तर ३६ आहे.

त्याऐवजी पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून. मग वही न बघता गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची: कोणाकडे जास्त, कोणाबद्दल विचारलंय. त्यानंतर उत्तराचं वाक्य आधीच लिहून ठेवायचं, 'रेणूकडे ___ मणी आहेत', एककासकट. आणि ढोबळ अंदाज: उत्तर ४८ पेक्षा मोठं की लहान? एवढं झाल्याशिवाय आकडेमोड सुरूच करू द्यायची नाही. सुरुवातीला मुलं कंटाळतात, पण इथे सूट देऊ नका.

आठवड्यातून एकदा आकडे काढून टाकलेलं उदाहरण द्या. 'टाकीतून ठरावीक वेगाने पाणी जातंय. ती किती वेळात रिकामी होईल हे सांगायला काय काय माहीत हवं?' यात आकडेच नसल्यामुळे विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं.

खडूफळा
त्रिज्या यांच्याशी सहमत, पण एक भर. पाढे आणि अपूर्णांकांच्या क्रिया कच्च्या असतील तर सगळं लक्ष हातच्यांत जातं आणि उदाहरणाचा धागा सुटतो. त्यासाठी वेगळी १० मिनिटं ठेवा. शाब्दिक उदाहरणांच्या वेळात ते मिसळू नका.

आता पट्टी-आकृतीबद्दल, कारण या वयात तिच्याइतकं कामाचं दुसरं साधन मला दिसत नाही. उदाहरण: 'एका पुस्तकाचा २/५ भाग सोमवारी वाचला. उरलेल्या भागाचा १/३ मंगळवारी वाचला. अजून ८४ पानं शिल्लक आहेत. पुस्तक किती पानांचं?'

नेहमीची चूक अशी: २/५ + १/३ = ११/१५, शिल्लक ४/१५ म्हणजे ८४, म्हणून पुस्तक ३१५ पानांचं. उत्तर पूर्ण संख्येत येतं, म्हणून मुलाला शंकाही येत नाही. चूक आहे ती १/३ कशाचा, यात. तो पूर्ण पुस्तकाचा धरला गेला.

पट्टी काढा, पाच सारखे भाग करा. सोमवारचे दोन रंगवा. उरले तीन. त्या तिनांतला एक मंगळवारचा. राहिले दोन भाग, ते ८४ पानं. एक भाग ४२, पुस्तक २१० पानांचं. इथे अपूर्णांकांची बेरीज करावीच लागत नाही.

मग ताळा, पण तो केलेली आकडेमोड पुन्हा करून नाही. उत्तर गोष्टीत घालून सुरुवातीपासून चालायचं: २१० मधून ८४ वाचली, उरली १२६, त्यातली ४२ वाचली, उरली ८४. जुळलं. तेच ३१५ घेऊन चाला: १२६ वाचली, उरली १८९, त्यातली ६३ वाचली, उरली १२६. ८४ नाहीत. चूक मुलालाच सापडते, तुम्हाला लाल पेन काढावं लागत नाही.

पाटीपेन्सिल
पट्टी काढून पाहिली. दोन अडचणी येताहेत. काही जण पट्टी मोजून-मापून, रंगवून काढत बसतात. आणि आठवीत समीकरणं मांडावीच लागणार, मग आत्ता पट्टीची सवय लावून पुढे अडणार तर नाहीत ना?

खडूफळा
पट्टी हाताने, कच्च्या कामात, पट्टी-पेन्सिलचं माप न घेता. भाग अंदाजे सारखे दिसले की झालं.

अडणार नाहीत, उलट समीकरण पट्टीतूनच येतं. 'दोन संख्यांची बेरीज ८४. मोठी संख्या लहान संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त.' लहान संख्येचा एक तुकडा, मोठीचे तसेच तीन आणि वर ४. चार तुकडे ८०, म्हणून लहान २० आणि मोठी ६४. आता तुकड्याच्या जागी क्ष लिहा: क्ष + ३क्ष + ४ = ८४. चित्र तेच, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली.

अक्षर नेहमी संख्येसाठी असतं, वस्तूसाठी नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं करा. 'दर शिक्षकामागे ६ विद्यार्थी' याचं समीकरण बरीच मुलं ६व = श असं लिहितात, कारण व म्हणजे 'विद्यार्थी' असं वाचतात. व ही विद्यार्थ्यांची संख्या आहे. शिक्षक १० घेऊन पाहा: विद्यार्थी ६०. म्हणजे व = ६श.

शेषफळ
भागाकारातल्या बाकीचा सराव वेगळा घ्या, तो नेहमी राहून जातो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. बऱ्याच जणांचं उत्तर होतं '३१, बाकी १२'.

म्हणून एकाच भागाकारावर चार उदाहरणं एकत्र द्या, ५० ÷ ८ घ्या. नावेत एका वेळी ८ मुलं बसतात, ५० मुलांना किती फेऱ्या? ७. ५० मीटर दोरीतून ८ मीटरचे किती तुकडे? ६. त्यातली किती मीटर दोरी उरली? २. ५० लिटर पाणी ८ भांड्यांत समान ओतलं, प्रत्येकात किती? ६.२५ लिटर. आकडेमोड एकच, उत्तरं चार.

प्रमाणाचंही असंच. '६ सारखे नळ टाकी ४ तासांत भरतात, ८ नळ किती वेळात?' समप्रमाणाची सवय लागलेलं मूल ५ तास २० मिनिटं लिहितं. नळ वाढले तर वेळ वाढेल की कमी होईल, हे आधी तोंडी विचारा. मग ६ × ४ = २४, म्हणजे एका नळाला २४ तास, आठांना ३.

आणखी एक: सरावाच्या कागदावर प्रकरणाचं नाव लिहू नका. वर 'शेकडेवारी' लिहिलं की कोणती रीत लावायची हे ठरलेलंच असतं, निवडण्याचा सराव होत नाही. रोजच्या तीनपैकी एक आजच्या प्रकरणातलं, दोन जुनी घ्या.

त्रिज्या
शेषफळ यांच्या उदाहरणांवरून सुचलं. शनिवारी उलटं काम द्या: '५० ÷ ८ वापरून असं उदाहरण बनवा की उत्तर ७ येईल.' मग वह्या अदलाबदल करून एकमेकांची सोडवायला सांगा. बहुतेक जण आधी वाटणीचं उदाहरण बनवतात आणि उत्तर ६.२५ येतं. तेव्हा बरोबर उदाहरण सांगू नका. 'शेवटच्या दोघांचं काय झालं?' एवढंच विचारा आणि पाच मिनिटं थांबा.