अनुभव धागा: घरी सगळ्यांनी मिळून वाचलेली साहसकथा

मुलगी आता आपली आपण वाचते, तरी साहसकादंबरी मात्र आम्ही अजूनही सगळे बसून, मोठ्याने वाचतो. एकट्याने वाचताना शेवट गाठायची घाई होते. चौघांत वाचलं की पैजा लागतात, भांडणं होतात, मधल्या पानांनाही भाव येतो. तुमच्याकडे कोण वाचतं? कुठे थांबता? कुणी गुपचूप पुढचं वाचून टाकलं तर? जुन्या पुस्तकांचे शेवट फोडले तरी चालेल.

दोन मुलग्यांची आई

ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची कादंबरी. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि टाचण्यांना दोरा बांधत निघालो: लंडन, सुएझ, मुंबई, कोलकाता, हाँगकाँग, योकोहामा, पुढे सॅन फ्रान्सिस्को. मुंबई आली तेव्हा पोरं सरसावून बसली. रेल्वे मध्येच संपते आणि ऐंशी दिवसांत जग फिरून येण्याची पैज लावून निघालेले नायक फॉगसाहेब चक्क हत्ती विकत घेतात, तिथे तर कल्लाच.

आणि मग तरुण विधवेला सती जायला लावण्याचा प्रसंग आला. त्या दिवशी सासूबाई वाचत होत्या. धाकट्याने विचारलं, "आजी, असं खरंच करायचे?" त्यांनी पुस्तक मिटलं. खरंच करायचे, म्हणाल्या. राजा राममोहन रॉय कसे झगडले, १८२९ मध्ये बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा कसा झाला, सगळं सांगितलं. कादंबरीतला प्रवास १८७२ मधला, आणि लेखकाने भारतात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, हेही सांगितलं. "मग हत्ती तरी खरा का?" धाकट्याचा पुढचा प्रश्न! पुस्तक काही त्या दिवशी पुढे सरकलं नाही. असा भाग मुलांसमोर गाळावा असं काहींना वाटतं. मला नाही पटत. धाकट्याने हे एकट्याने वाचलं असतं, तर पुस्तकातलं सगळंच खरं मानून बसला असता.

शेवटी फॉग पैज हरला म्हणून दोघेही हिरमुसले. मग कळलं, एक दिवस हातात आहे. कसा? थोरल्याला काही केल्या पटेना. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला चार मिनिटं लवकर सूर्य उगवतो. ३६० गुणिले चार म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. कागदावर गुणाकार झाल्यावर जी किंकाळी फुटली ती शेजाऱ्यांनीही ऐकली असणार.

आत्या

आमच्याकडे 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांची वाक्यं मोठ्याने वाचायला फार सोपी, जीभ कुठे अडखळत नाही. "ट्टॉक्!" म्हणायचा हक्क मात्र फक्त भाच्याचा. मी चुकून म्हटलं तर पान परत वाचावं लागतं.

रात्रपाळीवाला बाबा

पुढचं वाचणाऱ्यांबद्दल: आमच्या घरात तो गुन्हेगार म्हणजे मुलांची आई. तिला शेवट माहीत असल्याशिवाय झोप लागत नाही. शिक्षा एकच: पैज लावायची नाही आणि चेहरा कोरा ठेवायचा. दुसरं जमत नाही तिला. मुलं हल्ली पुस्तकाऐवजी तिच्याकडेच बघत बसतात.

मुलांचा मामा

कुठे थांबायचं हा खरा प्रश्न. 'ट्रेझर आयलंड' यासाठी एक नंबर, कारण ती मुळात अशीच जन्माला आली. १८८१ च्या उन्हाळ्यात तिचा लेखक स्टीव्हन्सन याने सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी बेटाचा नकाशा काढला, त्यावरून गोष्ट सुचली, आणि लिहून झालेली प्रकरणं तो घरच्यांना वाचून दाखवायचा. त्याचे वडील एवढे रंगले की गोष्टीतल्या बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय सापडतं याची यादी त्यांनीच करून दिली. पुढे ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तक झालं १८८३ मध्ये. त्यामुळे प्रकरणं बरोबर नको तिथे तुटतात.

दहावं प्रकरण संपताना गोष्ट सांगणारा मुलगा जिम सफरचंदांच्या पिंपात शिरलाय आणि बाहेर जहाजाचा स्वयंपाकी सिल्व्हर याचा आवाज येतो. मी तिथे पुस्तक मिटलं. भाची तेव्हापासून माझ्याशी बोलेना, तेही दुसऱ्या दिवशीच्या वाचनापर्यंत! एक सूचना: सिल्व्हरचा आवाज खलनायकी काढू नका. तो गोडबोल्या आहे, गोडच वाचा. मुलांना तो आवडायला लागला की दगा जास्त झोंबतो.

एक आजोबा

व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीत माशांच्या याद्या येतात. मी बेलाशक गाळतो. नातीला मासेच हवे असतात, ती मला पकडते.

इयत्ता सातवी (आईच्या खात्यातून)

मी पण लिहितो. मोठ्या माणसांना वाटतं आम्हाला भीती वाटते म्हणून ते लढाई हळू आवाजात वाचतात. तसं करू नका, कंटाळा येतो. नकाशा असेल तर तो आमच्याकडे द्या, तुम्ही वाचा. आणि शेवटची दोन प्रकरणं एकाच दिवशी वाचायचीच, उद्या सुट्टी नसली तरी. आमच्या घरी या नियमावर अजून मतदान झालेलं नाही. तुमच्याकडे झालं असेल तर कृपया निकाल इथे लिहा, आईला दाखवायचाय.