मदत हवी आहे : इटलीत तळ्याकाठच्या घरगुती हॉटेलात आठ रात्री, सोबत ७१ वर्षांची आई

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी आई असे तिघं इटलीला जायचं म्हणतोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यातलं काही नको. एकच तळं, एकच हॉटेल, आठ रात्री. आणि ते हॉटेल घरच्याच माणसांनी चालवलेलं हवं. इथे बरेच जण तिकडे राहून आलेले, काही तर राहत असलेले आहात, म्हणून विचारतेय.

असं का, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी आई-बाबा एका ग्रुप टूरबरोबर युरोपला जाऊन आले. बारा दिवसांत सात देश, रोज पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर. परत आल्यावर "काय आवडलं?" विचारलं, तर आईला एकच गोष्ट धड आठवत होती. इटलीतल्या कोमो तळ्याच्या काठावर बस वीस मिनिटं थांबली होती. तिथे एका लहानशा हॉटेलच्या दारात एक बाई स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. "मला तिच्याशेजारी बसावंसं वाटलं गं, पण बसचा हॉर्न वाजला." आता बाबा नाहीत. आईचा उजवा गुडघा दुखतो, जिने फार झेपत नाहीत. पण ते वाक्य काही माझ्या मनातून जात नाही.

लहानपणी आम्ही दर सुट्टीत गुहागरला एकाच घरी उतरायचो. घरच्या काकू पुढ्यात बसून वाढायच्या, "आज समुद्राला जोर आहे, उद्या जा" असं हक्काने सांगायच्या. तसं घर शोधतेय, फक्त तळ्याकाठी.

महिनाभर शोधून तीन जागांवर आले आहे : कोमोवरचं वारेन्ना, ओर्ता तळ्याकाठचं ओर्ता सान जूलिओ, आणि इझेओ तळ्यातलं मोंते इझोला बेट. गार्दा सोडलं. ३७० चौरस किलोमीटरचं तळं आणि दक्षिण काठावरची गर्दी, आमच्या कामाचं नाही.

मोंते इझोलावरच्या एका हॉटेलशी ईमेल चालू आहे. मुलगी ईमेल लिहिते, स्वयंपाक तिची आई करते. त्यांनी पाठवलेला फोटो आईने फोनवर दोन बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. हिरव्या झडपांची खिडकी, खाली तळं. मग म्हणाली, "हे बघ, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेत. म्हणजे माणसं राहतात इथे."

आता अडचणी. ते एकूण भाड्याच्या ३० टक्के रक्कम बँकेतून आधी मागताहेत, 'कापार्रा' म्हणून. आमचा व्हिसा अजून व्हायचाय, आणि व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. व्हिसा नाकारला तर पैसे गेले का? दुसरं म्हणजे आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. रात्रीचं जेवण खोलीभाड्यातच आहे, ते घ्यावं का? आणि या तिन्हींत गुडघ्याला सोयीचं कोणतं?

प्रतिसाद

ताई, मी अकरा वर्षं मिलानला आहे. तिन्ही ठिकाणी आई-वडिलांना घेऊन गेलोय, म्हणून स्पष्ट सांगतो.

वारेन्ना देखणं आहे. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून थेट गाडी, तासाभरात पोचता, समोरचं बेल्लाजिओ बोटीने पंधरा मिनिटांवर. पण गाव उतारावर वसलंय, गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच. गुडघेदुखीवाल्या माणसाने तिथे आठ दिवस काढू नयेत. ओर्ता शांत आहे, चौक थेट पाण्यालगत, समोर सान जूलिओचं इवलंसं बेट. पण स्टेशन गावापासून लांब, गाड्या कमी, बॅगांसकट टॅक्सीवर अवलंबून राहावं लागतं.

मी मोंते इझोलाच घेईन. बाहेरच्यांच्या गाड्यांना तिथे बंदी आहे. गावकरी दुचाकी वापरतात, एक बस फिरते. मिलानहून ब्रेश्शा, तिथून छोट्या गाडीने सुल्झानो, मग बोटीने पाचेक मिनिटांत बेटावरचं पेस्किएरा मारालिओ गाव. (ब्रेश्शाच्या पुढची गाडी चालू आहे की बदली बस, ते निघायच्या आधी नक्की बघा.) पेस्किएरापासून सेन्सोलेपर्यंतचा रस्ता पाण्याकाठाने सपाट जातो, आईंना रोज संध्याकाळी चालता येईल. डोंगरमाथ्यावर चेरिओला मातेचं देऊळ आहे, सुमारे ६०० मीटरवर, तिथे तुम्ही दोघंच जा. मासेमारीची जाळी विणणं हा या बेटाचा जुना धंदा. काठावर चौकटींवर मासे वाळत घातलेले दिसतील. कोकणात राहिलेल्या माणसाला त्या वासाचं नवल वाटणार नाही.

२०१६ च्या जून-जुलैत इथे क्रिस्तो नावाच्या कलाकाराने पाण्यावर तरंगता पिवळा रस्ता टाकला होता, तेव्हा सोळा दिवस पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी रात्री शेवटचे पर्यटक परतले की पाण्याचाच आवाज. २ जूनला इटलीत राष्ट्रीय सुट्टी असते, तिला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. आणि खोली कितव्या मजल्यावर, 'आशेन्सोरे' म्हणजे लिफ्ट आहे का, हे आजच विचारा. जुन्या घरांत बहुधा नसते.

प्रतिसाद

पैशांबद्दल. इटलीत 'आक्कोंतो' आणि 'कापार्रा' या दोन वेगळ्या गोष्टी. आक्कोंतो म्हणजे नुसती आगाऊ रक्कम. कापार्रा म्हणजे आपल्याकडच्या बयाण्यासारखं. त्यांच्या दिवाणी संहितेच्या १३८५ व्या कलमानुसार तुम्ही शब्द मोडलात तर ती रक्कम त्यांची, त्यांनी मोडला तर तुम्हाला दुप्पट परत. म्हणून पैसे पाठवण्याआधी ईमेलवर एक वाक्य लिहून घ्या : व्हिसा नाकारला गेला, तर नकाराचं पत्र पाठवल्यावर पूर्ण रक्कम परत. किंवा कापार्राऐवजी क्रेडिट कार्डाची हमी चालेल का, विचारा. भीड बाळगू नका. घरची माणसं आहेत, कारण कळलं की ऐकतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात. मेसाठी आताच अपॉइंटमेंट घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तिथे पोचल्यावर पासपोर्ट मागतील, घाबरू नका. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना बंधनकारक आहे.

प्रतिसाद

जेवण जरूर घ्या, त्यातच घरगुती हॉटेलची गंमत आहे. पण नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. रिसोत्तो बहुतेकदा मांसाच्या रश्शात शिजवतात, त्याला 'ब्रोदो' म्हणतात. उत्तरेकडचा ताजा पास्ता अंड्याचा असतो, पाकिटातला वाळवलेला सहसा बिनअंड्याचा. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच समजा, आईंना आवडेल. ग्राना पादानो आणि पार्मिजानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, आईंना ते चालणार नसेल तर आधीच सांगा. तीन शब्दगट पाठ करा : सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा. मांस नको, मासे नको, अंडी नकोत. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवसापासून स्वतःच म्हणायला लागल्या होत्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईच्या गुडघ्यापासून व्हिसापर्यंत सगळं त्या मुलीला लिहिलं. सकाळी उत्तर आलं. लिफ्ट नाही, पण तळमजल्यावर अंगणाकडे उघडणारी एक खोली आहे, तिथून तळं दिसत नाही म्हणून ती जाहिरातीत दाखवत नाहीत. ती आम्हाला देताहेत. व्हिसाचं वाक्यही जसंच्या तसं लिहून दिलंय. आणि खाली एक ओळ : माझी आई विचारतेय, तुमच्या आईला डाळी-कडधान्यं चालतात ना?

आईला वाचून दाखवलं. खोलीतून तळं दिसणार नाही हे सांगितलं, तर म्हणाली, "मला अंगणच हवंय." मग लगेच, त्यांच्यासाठी काय न्यायचं?

तर आता शेवटचा प्रश्न. तिला साजूक तुपातले बेसनाचे लाडू न्यायचेत. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत असं वाचलंय. लाडू त्यात मोडतात का? कुणी नेले असतील तर कृपया सांगा, नाहीतर तिला गोडा मसाला करायला सांगते.