२०१२ ची केटीएम ड्यूक २०० बाइक: रेडिएटरला बाजारातला ६ इंची पंखा कसा बसवायचा?

काळा_घोडा२००
रेडिएटरच्या पंख्याची मोटर जाम झालीय, थेट १२ व्होल्ट देऊनही फिरत नाही. बाजारात युनिव्हर्सल पंखा मिळतोय, त्यावर १२ व्होल्ट, ८० वॅट लिहिलंय. सोबत रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. त्यांनीच बसवू का? वायर जुन्या कनेक्टरलाच जोडली तर चालेल?

पाना_नंबर_दहा
त्या पट्ट्या अजिबात नकोत. खड्ड्यांत पंखा हलतो, पट्टी फिनमध्ये (जाळीच्या पातळ पत्र्यांत) घासत राहते आणि शेवटी कूलंटच्या नळीला भोक पडतं. जुना पंखा ज्या बोल्टवर होता तिथेच २ मिमी अ‍ॅल्युमिनियम पट्टीचे ब्रॅकेट घ्या, मध्ये रबर ग्रोमेट घाला. पाती जाळीपासून ५ मिमी तरी लांब हवीत.

पैसे देण्याआधी मागची जागा मोजा. पंख्याच्या मधोमध मोटरचा फुगवटा असतो, बेंड पाइपला (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीला) भिडतो तो तोच. १५ मिमीपेक्षा कमी जागा उरत असेल तर पातळ पंखा शोधा, नाहीतर प्लास्टिक वितळेल. मोटर वॉटरप्रूफ आहे ना, हेही विचारा. पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिथेच उडतो.

रिले_८७
वायरिंगचं सांगतो. ८० वॅट म्हणजे चालू असताना पावणेसात अँपिअर, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा भार जुन्या सर्किटवर टाकू नका. जुन्या रिलेचे (पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर पंखा बंदच होणार नाही. वेगळा चार पिनांचा रिले घ्या. जुन्या कनेक्टरच्या दोन वायरी ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांना. बॅटरीच्या प्लसवरून १० अँपिअर फ्यूजमधून ३० ला, ८७ वरून पंख्याला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. पंख्याचा मायनस थेट बॅटरीला, वायर १.५ चौ. मिमी. म्हणजे पंखा कधी लावायचा हे पूर्वीसारखं गाडीच ठरवेल.

काळा_घोडा२००
दुकानदार म्हणतो, हा पंखा पुढे वारा फेकणारा आहे, वायर उलटी केली की झालं. खरं आहे का?

पाना_नंबर_दहा
फिरेल उलटा, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, त्यामुळे वारा बराच कमी पडेल. मागे बसवायचा तर जाळीतून हवा मागे ओढणाराच मागा. काही पंख्यांची पाती काढून पालथी घालता येतात, तसा असेल तर पाती आणि वायर दोन्ही उलटा. मग पंखा चालू करून जाळीसमोर टिश्यू धरा: चिकटला तर दिशा बरोबर, उडाला तर चूक. कडेच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर हवा जाळीतून न येता तिथूनच येते.

रिले_८७
शेवटी आयडलला हेडलाइट आणि पंखा दोन्ही लावून बॅटरीवर मीटर धरा. १३ व्होल्टच्या वर राहिलं तर ठीक. १२.६ च्या खाली उतरत गेलं तर ट्रॅफिकमध्ये बॅटरी बसेल. मग कमी वॅटचा पंखा बघा.