धुणं एक, मतं दोन: कपडा ‘स्वच्छ’ कधी म्हणायचा?

दोघं एका घरात राहायला लागले की धुण्याच्या दोन रीती समोरासमोर येतात. एकाला सगळं कढत पाण्यात हवं, दुसऱ्याला गार पाणी पुरतं. एक जण अंतर्वस्त्रं आणि स्वयंपाकघरातली फडकी एकाच खेपेला लावतो, दुसऱ्याला ते बघवत नाही. वाद ‘मला किळस येते’ आणि ‘काही होत नाही’ या दोन वाक्यांत अडकतो आणि तिथेच राहतो. ज्यांना धुण्यातलं नीट कळतं त्यांनी इथे लिहावं: खटका कशावरून उडतो आणि त्यात खरं काय. घरातले किस्से नकोत; कृती, मापं आणि कारणं हवीत.

* * *

गरम की गार, इथून सुरुवात करते. कपडा चार गोष्टींनी स्वच्छ होतो: रसायन, तापमान, वेळ आणि घासणी. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे वर्तुळ मांडलं. एक बाजू कमी केली की बाकीच्या तिघींनी ती भरून काढायची. गार पाण्यात धुणारा त्यामुळे चुकत नाही. पण गार पाणी, पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्रॅम आणि ठासून भरलेला ड्रम हे तिन्ही एकदम असेल, तर मळ निघणार कशाने? गार पाणी हवं असेल तर लांबचा प्रोग्रॅम लावा आणि ड्रम मोकळा ठेवा. सुती कपडे भरल्यावर वरून हाताचा पंजा सहज आत जायला हवा. सिंथेटिक कपड्यांना ड्रम अर्धाच भरायचा, लोकरीला त्याहूनही कमी.

कढत पाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. रक्त, दूध, अंडं यांचे डाग आधी गार पाण्यातच काढायचे. त्यातली प्रथिनं उष्णतेने गोठून धाग्यात घट्ट बसतात आणि मग डाग हटत नाही. गार पाण्यात खळबळून घ्या, एन्झाइम असलेल्या पावडरीत अर्धा तास भिजवा आणि मग हवं तितकं गरम पाणी वापरा. लोकर आणि रेशीम मात्र या पावडरीपासून लांब ठेवा. प्रथिनं तोडणारं एन्झाइम त्यांचा धागाच खातं.

* * *

फडकी आणि अंतर्वस्त्रं एकत्र धुण्याबद्दल. ६० अंशांना, ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरीने, पूर्ण लांबीच्या प्रोग्रॅमवर धुतलं तर एकत्र धुऊनही बहुतेक जंतू टिकत नाहीत. तेच ३० अंशांना लिक्विडने धुतलं तर कपडे स्वच्छ दिसतात, पण काही जंतू जिवंत राहून एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात. अंतर्वस्त्रांत विष्ठेतले जंतू थोडे तरी असतातच, डोळ्यांना दिसले नाहीत तरी. पुढे त्याच फडक्याने ताट पुसलं जातं. म्हणून फडकी वेगळी आणि ६० लाच धुवावीत, यावर मी ठाम आहे.

अडचण अंतर्वस्त्रांचीच असते. त्यांत हल्ली इलॅस्टेन हा ताणला जाणारा धागा असतो आणि लेबलवर बहुधा ३० किंवा ४० लिहिलेलं असतं. कायम ६० ला लावली तर ती सैल पडतात. तिथे तापमानाची कसर रसायनाने भरून काढायची: ४० अंश, पांढऱ्या कपड्यांची पावडर आणि नंतर खडखडीत वाळवण. पावडर अशासाठी की लिक्विडमध्ये ब्लीच टिकत नाही, म्हणून ते बहुधा घातलेलंच नसतं. ‘लिक्विड चांगलं की पावडर’ या भांडणात जंतूंच्या बाजूने बघितलं तर पावडर सरस. गडद रंगांना मात्र लिक्विड बरं.

* * *

वरच्या ६० अंशांबद्दल एक जोड. इको प्रोग्रॅमच्या बटणावर ६० लिहिलेलं असलं तरी पाणी अनेकदा तितकं तापत नाही. वीज वाचवण्यासाठी तापमान उतरवून वेळ वाढवलेला असतो. जंतूंसाठी धुवायचं असेल तर इको नको, साधा कॉटन प्रोग्रॅम लावा. हीटर नसलेल्या मशीनमध्ये तर बटण काहीही म्हणो, नळाचं पाणी जितकं गरम तितकंच.

* * *

पावडर किती घालायची? ‘जरा जास्तच टाक, नीट निघू दे’ म्हणणारा इथे चुकतो. फेस जास्त झाला की कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, फेसाच्या गादीवर तरंगत राहतात. वर खळबळून निघालं नाही की साबणाचा थर धाग्यात राहतो आणि तो थर मळ आणि जंतू धरून ठेवतो. समोरून उघडणाऱ्या मशीनची काच धुणं चालू असताना बघा. तळाशी फेसाची पट्टी दिसली तर माप बरोबर. पूर्ण काच पांढरी झाली असेल तर पुढच्या खेपेला निम्मं करा.

थर आहे का हे तपासायला धुऊन वाळवलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात साबण न घालता टाका आणि पाच मिनिटं हाताने खळबळा. पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले, तर तो जुना साबण आहे. तो टॉवेल साबणाशिवाय ६० ला एकदा-दोनदा फिरवला की थर सुटतो. जड पाणी असेल तर पाकिटावरचं जड पाण्याचं माप घ्या, कारण पाण्यातलं कॅल्शियम साबणाचा काही भाग गिळून टाकतं. पाणी हलकं असताना तेवढंच टाकलं तर ते जास्त होतं.

* * *

‘आत्ताच धुतलेत, तरी वास कसा?’ यावरून होणाऱ्या वादात बऱ्याचदा दोघंही धुण्याकडे बोट दाखवतात आणि दोष असतो वाळवणीत. ओल्या कपड्याच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. कपड्यात उरलेला घाम आणि तेल खाऊन तो एक वासाचं आम्ल तयार करतो. कोरडेपणा तो बऱ्यापैकी सोसतो, म्हणून कपडा वाळला की वास जातो आणि पुन्हा ओला झाला की परत येतो. वाळलेला टॉवेल नाकाशी धरून उपयोग नाही. अंग पुसून झाल्यावर, तो ओला आणि कोमट असताना हुंगा. तेव्हा आंबूस वास आला तर सुगंधी काहीही घालून तो जाणार नाही. ६० ला ऑक्सिजन ब्लीच घालून धुवावाच लागेल.

धुणं संपल्यावर ओले कपडे ड्रममध्ये रात्रभर ठेवू नका. त्यांत वास आलाच तर नुसतं पुन्हा पिळून भागत नाही, धुणं पुन्हा लावावं लागतं. घरात वाळवताना दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जाड शिवणी आणि खिसे बाहेर काढा, पंखा खालून किंवा बाजूने लावा. बाथरूममध्ये दार लावून दांडीवर टाकलेले कपडे वाळत नाहीत, नुसते दमट राहतात.

* * *

वास मशीनचाही असू शकतो. दाराजवळचा रबर बोटाने उलटा करून आतली घडी बघा. खालच्या बाजूला केस, धागे आणि करडा, बुळबुळीत लगदा सापडतो. तिथे पाणी साचतं. फडक्याने तो पुसून काढा, बोट पोचत नाही तिथे जुना टूथब्रश. पावडरीचा ड्रॉवर खेचून पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या वरचा कप्पाही घासा, काळी बुरशी तिथेच धरते. खालचा पंपाचा फिल्टर उघडण्याआधी पसरट ताटली ठेवा, दोनेक पेले पाणी येतं. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ९० ला, ते नसेल तर सर्वात गरम प्रोग्रॅमवर, पावडर घालून चालवा. सगळं धुणं सदा ३० ला लिक्विडवर करणाऱ्या घरात तर हे टाळूच नका. धुणं झालं की दार आणि ड्रॉवर दोन्ही उघडे ठेवा. ‘दार उघडं वाईट दिसतं’ म्हणून लावून घेणाऱ्याला रबराची ती घडी एकदा दाखवा.

* * *

धुण्यात व्हिनेगर घालणाऱ्यांना कळकळीने सांगतो. पाच टक्क्यांचं व्हिनेगर निर्जंतुक करत नाही. साबणाबरोबर घातलं तर साबणाची अल्कता मारून त्याचं काम बिघडवतं, रोज घातलं तर रबर खराब करतं. आणि क्लोरीनच्या ब्लीचशी ते कधीही, चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या कशाशीही ते ब्लीच नको. लघवीने भिजलेले कपडे आणि लंगोट यांतही अमोनिया असतो, म्हणून ते आधी साध्या पाण्याने दोनदा काढायचे. बाटल्या दोघांपैकी एकानेच हाताळाव्यात किंवा ‘आज काय घातलं’ हे दुसऱ्याला सांगावं. एकाने ब्लीच टाकून ठेवलेल्या बादलीत दुसऱ्याने नकळत व्हिनेगर ओतणं हीच खरी भीती.

रंगीत कपड्यांना सोडियम परकार्बोनेट, म्हणजे वर आलेल्या ऑक्सिजन ब्लीचचाच एक प्रकार, बरं. भरलेल्या ड्रमला साधारण ३० ग्रॅम घाला, पण पाणी किमान ४० अंश हवं. गार पाण्यात ते जवळपास झोपून राहतं. त्याचं पाणी केलेलं बंद बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटू शकते. लोकर आणि रेशमाला ते चालत नाही.

* * *

आजारपणात मात्र तडजोड नको. उलटी-जुलाब झालेल्याची चादर झटकायची नाही, झटकली की कण हवेत उडतात. हातमोजे घालून घट्ट गुंडाळा, घाण आधी खरवडून टाका, ती चादर एकटीच ६० ला किंवा त्याहून गरम लावा. पायाला बुरशी असेल तर मोजे ६० ला, कारण ३० ला ती टिकते आणि त्याच खेपेतल्या दुसऱ्या मोज्यांवर जाऊ शकते. खरजेच्या उपचारात वापरातले कपडे आणि अंथरूण गरम धुवा. धुता येत नाही ते पिशवीत हवाबंद करून किमान ७२ तास ठेवा.

* * *

सॉफ्टनरचं थोडक्यात: टॉवेल, मायक्रोफायबर आणि खेळाचे कपडे यांना नको. तो धाग्यावर मेणचट थर देतो. टॉवेलवर पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा वर बसून राहिला तर टॉवेल पुसत नाही, नुसता पाणी पसरवतो.

‘किती दिवसांनी’ या वादाला माझं उत्तर: अंगाला चिकटणारं रोज, टॉवेल तीन-चार वापरांनी, चादर आणि उश्यांचे अभ्रे आठवड्याला. धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असेल तर अंथरूण ६० लाच, त्याखाली ते मरतीलच याची खात्री नाही. जीन्स आणि स्वेटर हवा लागली की पुष्कळ दिवस चालतात. ते उगाच धुतले तर कापडच झिजतं.

* * *

एवढं सगळं पाळूनही हातांचं राहतं. मळके कपडे ज्या हातांनी आत टाकले, त्याच हातांनी धुतलेले बाहेर काढले तर मधली सगळी मेहनत वाया जाते. मशीन चालू केलं की लगेच साबणाने हात धुवावेत. टोपली एकच असेल तर मळके कपडे कापडी पिशवीत ठेवा आणि ती पिशवीही त्याच धुण्यात टाका, म्हणजे वाळलेले कपडे ठेवायला टोपली मोकळी राहते.